चौथ्या फर्म्यापासून

इंदिरानगरातल्या त्या वाचनालयात ऐतिहासिक कादंबऱ्यांचं कपाट खिडकीच्या बाजूला आहे. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकातून एक जाड पांढरा दोरा बाहेर डोकावतो. नव्या सभासदाला वाटतं, बांधणी उसवली. तो दोरा ओढायला जातो आणि टेबलामागून तबस्सुमताईंचा आवाज येतो, "अहं, राहू द्या तो तिथंच. तिथून सुरुवात करायची."

"मधूनच?"

"मधूनच. पहिली पानं पळून जात नाहीत, नंतर वाचा."

ही सवय त्यांना घरातूनच लागली. वडील नजीरभाई भद्रकालीतले बाइंडर. वाचनालयांची फाटकी पुस्तकं पोत्यातून त्यांच्या घरी यायची. नजीरभाई जुनी बांधणी उसवायचे, फर्मे वेगळे करायचे, मोडलेल्या कडा चिकटवायचे आणि पुन्हा शिवायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी, अशा पंधरा-वीस घड्या शिवल्या की पुस्तक होतं. फर्मे क्रमानं लावायचं काम लहानग्या तबस्सुमचं. पण एवढ्या कागदांत बसलेली पोरगी नुसती आकडे बघून घड्या लावेल होय? हाताला लागेल तो फर्मा ती वाचत सुटायची. एकदा चौथा फर्मा हाती आला. त्यात कुणीतरी भर पावसात घोड्याला टाच मारत होतं आणि मागून मशाली येत होत्या. घोडा कुणाचा, मशाली कुणाच्या, काही पत्ता नाही. पुढच्या फर्म्यासाठी तिनं सगळी खोली उपसली, तर अब्बांनी तो शिवायला घेतला होता. त्या रात्री पोरगी जेवली नाही. नजीरभाईंनी शेवटी घातलेले टाके उसवून तो फर्मा तिच्या हातात दिला. पहिला फर्मा मात्र तिला कधीच आवडला नाही. त्यात अर्पणपत्रिका, प्रस्तावना, वंशावळी, आणि कोण कुणाचा मामेसासरा याचा हिशोब. तो ती न वाचता तळाशी सरकवायची.

पुढे ती शिकली आणि वाचनालयात नोकरीला लागली. तिथं तिच्या ध्यानात आलं की लोक ऐतिहासिक कादंबरी मोठ्या हौसेनं घरी नेतात आणि आठ दिवसांनी मान खाली घालून परत आणतात. बिचारे पहिल्या फर्म्यातच गारद झालेले असायचे. मग तबस्सुमताईंनी अब्बांच्या शिलाईच्या दोऱ्याचं रीळ ऑफिसच्या खणात आणून ठेवलं. गोष्ट जिथं पकड घेते तिथं दोरा घालायचा. बहुतेक वेळा ते पान चौथ्या फर्म्यात, एकोणपन्नासाव्या पानाच्या आसपास निघायचं. आता या गोष्टीला तीस वर्षं होत आली.

दुसरी युक्ती प्रश्नाची. वाचक आला की त्या विचारायच्या, "मूळ गाव कुठलं तुमचं?" इंदिरानगरात जो तो कुठून ना कुठून आलेला. कुणी चांदवडचा, कुणी पेठचा, कुणी दिंडोरीचा. गाव कळलं की त्या कपाटाकडे जायच्या आणि त्याच वाटेवरून घोडी गेलेली कादंबरी काढायच्या. हर्षाली नावाची स्पर्धा परीक्षेची पोरगी होती. इतिहास म्हणजे सनावळ्या, असं ती तोंड वाकडं करून म्हणायची. तिच्या गावाचा घाट असलेली कादंबरी ताईंनी तिच्या हातात ठेवली. तिसऱ्या दिवशी पोरगी दारात उभी, "दुसरा भाग आहे का? आत्ता पाहिजे."

कुणी कधी भुवई उंचावून विचारायचंही, "तुम्हाला बरं यातलं एवढं माहीत?" त्यावर ताईंचं उत्तर ठरलेलं. "पुस्तकं शिवली आमच्या अब्बांनी. मग वाचायची काय शेजाऱ्यांनी?"

तर अशा या बाईंच्या पद्धतीला त्या वर्षी श्रावणात ठेच लागली.

रंगनाथभाऊ एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तीन वर्षं रोज सकाळी दहाला यायचे आणि वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून टेंडर नोटिसांपर्यंत वाचून घडी घालून ठेवायचे. पुस्तकांच्या कपाटांकडे बघायचेही नाहीत. टेंडर नोटीस वाचणारा माणूस गोष्टीला का घाबरतो, हे कोडं तबस्सुमताईंना स्वस्थ बसू देईना. शेवटी एक दिवस विचारलंच.

"रंगनाथभाऊ, मूळ गाव कुठलं?"

"निंबोळपाडे. सटाण्याच्या पल्याड. तुम्हाला नाय ठाऊक असायचं."

ताईंचे डोळे चमकले. एक जुनी, कोपरे झिजलेली कादंबरी त्यांनी कपाटाच्या तळातून काढली. बागलाणातला किल्ला, त्याला पडलेला वेढा, आणि पायथ्याच्या गावाचं नाव चक्क निंबोळपाडे. रंगनाथभाऊंनी ते नाव दोनदा बोटानं चाचपलं. छापलेल्या पुस्तकात आपलं गाव त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. दोऱ्यापासून वाचा, असं ताईंनी नेहमीसारखं बजावलं. पुस्तक छातीशी धरून ते घरी गेले आणि ताईंना दिवसभर आपणच किल्ला सर केल्यासारखं वाटत राहिलं.

त्यानंतर रंगनाथभाऊ आलेच नाहीत. आठ दिवस वर्तमानपत्राची घडी कुणी घातली नाही. नवव्या दिवशी त्यांच्या पत्नी लंकाबाई आल्या, पुस्तक जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून.

"घ्या हे ताई. या पुस्तकानं आमच्या घरात काय केलं, तुम्हाला कल्पना नाय."

झालं होतं असं. कादंबरीत किल्ल्याच्या दिंडी दरवाज्यावर एक दारवान होता, निंबोळपाड्याचा चिमाजी. वेढ्याच्या शेवटी तो पैशाला भुलतो, रात्री दिंडी उघडतो आणि किल्ला पडतो. रंगनाथभाऊंच्या वडिलांचं नाव चिमाजी. त्यांच्या घरात आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे तेच नाव पिढ्यान्‌पिढ्या फिरून येतं. भाऊंनी दोन आणि दोन चार केले. हा फितूर आपलाच पूर्वज.

"आनि पोळ्याचं बी त्यांच्या डोक्यात बसलं," लंकाबाई सांगत होत्या. "गावात पोळ्याला वेशीवर तोरण बांधतात. पाटलाचे बैल पहिले जातात, मग सगळ्यांचे, आनि आमच्या घरचे सगळ्यात शेवट. लहानपनापासून यांना ते लागलेलं. आता म्हनतात, कळलं मला का शेवट ते. गावाला सगळं माहीत होतं, फक्त आमच्यापासून लपवलं. पोळ्याला जानार नाय म्हनतात. अन् तिकडं भाऊजी, महेशभाऊजी, हटून बसलेत. भाऊ आल्याबिगर बैल गोठ्याबाहेर काढनार नाय. सासरे गेल्यापासून दोघा भावांचं वर्षातनं एकदाच भेटनं होतं, ते पोळ्याला. तेबी मोडलं तर काय उरलं, सांगा."

पोळ्याला नऊ दिवस होते.

तबस्सुमताई त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्या. भाऊ गॅलरीत पाठ करून बसले होते. "अहो, कादंबरी आहे ती," ताई म्हणाल्या, "रचलेली गोष्ट."

"ताई, गाव खरं हाय," ते शांतपणे म्हणाले. "किल्ला खरा हाय, त्याच्या पायथ्यानं मी वीस वर्षं गाडी नेली. दिंडी दरवाजा हाय, तोफ हाय, पुस्तकात सांगितलेलं टाकं बी हाय. सगळं खरं, मग मानूसच तेवढा खोटा कसा?"

तीस वर्षं ताई लोकांना गावाच्या खरेपणाचंच आमिष दाखवत आल्या होत्या. आता तेच त्यांच्या अंगावर उलटलं होतं. घरी परतताना त्यांना वाईट वाटत होतं, लाजही वाटत होती, पण खोटं कशाला सांगायचं, त्याहून जास्त त्यांना कुतूहल वाटत होतं. खरंच, कुठून आला हा चिमाजी? कुणी पाहिला? कुठं लिहिलंय?

मग बाई शोधाला लागल्या. शहरातल्या जुन्या वाचनालयात जाऊन गॅझेटियर चाळलं. त्यात किल्ला होता, उंची होती, पाण्याची टाकी होती, दारवान नव्हता. इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "दारवानांची नावं कोण लिहून ठेवतंय बाई? नव्हताच असं मात्र म्हणता येणार नाही." या शेवटच्या वाक्यानं ताईंची झोप उडाली. लेखक वारून पंचवीस वर्षं झालेली, प्रकाशन संस्था बंद पडलेली. पुस्तकाचा दारवानाचा भाग ताईंनी चार वेळा वाचला. फितुरी इतकी बारकाईनं लिहिलेली होती की त्यांनाच शंका यायला लागली. कडीचा आवाज होऊ नये म्हणून चिमाजी कडीला फडकं गुंडाळतो, हे बसल्या जागी कसं सुचेल कुणाला?

पोळ्याला चार दिवस उरले तेव्हा त्यांना त्र्यंबकेश्वर आठवलं. तिथल्या उपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या असतात. गावाचं नाव सांगितलं की आजा, पणजा, खापरपणजा भराभर निघतात.

"पण ते घरच्या माणसालाच दाखवतील," त्या लंकाबाईंना म्हणाल्या. "चला माझ्याबरोबर."

"यांना न सांगता?"

"बाजारात जाते म्हणून सांगा."

दोघी सकाळच्या गाडीनं निघाल्या. पुस्तक ताईंच्या पिशवीत. उपाध्याय म्हातारे होते, पण वही काढताना हात झरझर चालत होते. निंबोळपाडे, अमुक घर, असं पुटपुटत त्यांनी पान काढलं. रंगनाथ, महेश. त्यांच्यावर चिमाजी. मग आणखी एक रंगनाथ, मग पुन्हा चिमाजी, पुन्हा रंगनाथ. लंकाबाईंनी प्रत्येक नावाला पदर पुढं घेऊन हात जोडले. ताई पुढं वाकून बघत होत्या.

"आणखी मागे?"

"नाही. आमची वही दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे जाते. तुमची लढाई कधीची?"

"साडेतीनशे."

उपाध्यायांनी वही मिटली. "मग तुमच्या लढाईच्या अर्ध्या वाटेत आमचं पेट्रोल संपलं," म्हणाले आणि स्वतःच हसले.

परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसल्या होत्या. जाऊन भाऊंना सांगणार काय? होय म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. आपल्या हातानं दोन भावांची वाट बंद झाली, हे खरं होतं, आणि ते त्यांना गिळवत नव्हतं. लंकाबाईंनी वेळ जायला म्हणून पिशवीतून पुस्तक काढलं. चौथीपर्यंत शिकलेल्या. बोट ठेवून, ओठ हलवून वाचणाऱ्या.

"वहिनी, दोरा आहे तिथून वाचा," ताई सवयीनं म्हणाल्या. "सुरुवातीला काही नाही त्यात."

"नको बाई. पोथी कधी मधनं उघडतात का? मी आपली पहिल्यापासनं वाचते."

आणि त्या वाचू लागल्या. अर्पणपत्रिका झाली. मग प्रस्तावना. गाडीच्या धक्क्यानं ओळ सुटायची, पुन्हा बोट मागे यायचं. ताईंचं लक्ष नव्हतं. अंजनेरी मागे पडली, आणि लंकाबाईंचं बोट थांबलं.

"ताई, इथंबी निंबोळपाडे लिवलंय. आनि आमच्या सासऱ्यांचं नाव."

"कुठं?"

"हे काय. तुम्ही नाय वाचलं?"

तबस्सुमताईंनी नव्हतं वाचलं. लहानपणी तळाशी सरकवलेला पहिला फर्मा त्यांनी आयुष्यभर तळाशीच ठेवला होता. गॅझेटियर झालं, प्राध्यापक झाले, त्र्यंबकच्या वह्या झाल्या, आणि पाच दिवस काखेत होतं ते हे पुस्तक. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसाही त्यांनी एसटीचं तिकीट काढून घातला होता. त्यांनी लंकाबाईंच्या हातून पुस्तक जवळजवळ ओढूनच घेतलं.

तासाभरानं दोघी रंगनाथभाऊंसमोर उभ्या होत्या. ते बाजाराची पिशवी रिकामी का, असं विचारणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "भाऊ, चूक माझी आहे. मी तुम्हाला एकोणपन्नासाव्या पानावर चढवलं. गाडी डेपोतून सुटते तिथं बसवायला हवं होतं. आता ऐका." आणि उभ्या उभ्या त्यांनी वाचलं.

"'या कादंबरीतला किल्ला खरा आहे, वेढाही खरा. दारवान चिमाजी मात्र सर्वस्वी माझ्या कल्पनेतला. किल्ला पाहायला गेलो तेव्हा निंबोळपाडे गावी चिमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या घरी मी दोन रात्री राहिलो. मधल्या दिवशी पोळा होता. वेशीवरचं तोरण पानांच्या भारानं खाली येई आणि उंच शिंगांचे बैल अडत. चिमाजी तोरणाची दोरी ताणून धरून उभे होते. सगळ्या गावाचे बैल जाईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. त्यांची स्वतःची जोडी सर्वांत शेवटी गेली. दार सांभाळणारा माणूस कसा उभा राहतो, हे मी तिथं पाहिलं. रात्री त्यांना विचारलं, माझ्या दारवानाला तुमचं नाव देऊ का? पण कथेच्या गरजेपोटी तो फितूर होतो. ते हसले. म्हणाले, बरा करा का वाईट करा, पण दारावरनं हलवू नका.'"

भाऊंनी हात पुढे केले. ताईंनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी स्वतः वाचलं, ओठ हलवत, अगदी बायकोसारखंच.

"जाड भिंगाचा चष्मा होता त्याला," ते एकदम म्हणाले. "पाहुणा आला होता. बापानं माझी गोधडी काढून त्याला दिली म्हनून मी रडलो होतो. सकाळी जाताना त्यानं मला पेन्शील दिली." त्यांनी डोळे पुसले. ते लपवायची तसदीही घेतली नाही. "दोरी धरायचं काम आमच्याकडं होतं, ते मला ठाऊक होतं की. दर पोळ्याला डोळ्यांसमोर होतं. मला वाटायचं, हलकं काम हाय म्हनून आमच्याकडं दिलंय."

"पुढं पाटलाचे बैल बघत बसलात, दोरीकडे कशाला बघाल," लंकाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे महेशभाऊजी, आवाज गॅलरीपर्यंत ऐकू येणारा. "दादा, येस का नै? एकदा सांगी टाक."

"येतो," रंगनाथभाऊ म्हणाले. "यंदा दोरी मी धरनार."

गावी जाताना त्यांनी प्रस्तावनेची झेरॉक्स करून मागितली. पुस्तक न्या म्हटलं तर नको म्हणाले, जुनं आहे, प्रवासात फाटलं तर ताईंना पुन्हा शिवावं लागेल. ताईंनी दोन प्रती काढून दिल्या.

पोळा झाला. तिसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला रंगनाथभाऊ वाचनालयाच्या दारात हजर. तळहातांवर दोरीचे लाल वळ होते. वर्तमानपत्राकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, थेट टेबलापाशी आले.

"पारावर बसून वाचली झेरॉक्स, सगळ्या गावासमोर. मग लोकं म्हनाले, पुढं गोष्ट काय हाय ती सांग. म्हनून सांगितली. दिंडी उघडली म्हनल्यावर म्हातारी मंडळी भडकली. आमचा चिमाजी असं करनार नाय, लिहिनारा खोटारडा हाय, म्हनाले." ते हसू दाबत होते. "मी म्हनालो, अरे, किल्ला खरा, पन ही रचलेली गोष्ट हाय. एवढं कसं कळत नाय तुम्हाला?"

तबस्सुमताई खदखदून हसल्या. इतक्या, की वाचनकक्षातल्या दोघांनी माना वर केल्या.

"मग महेश विचारतो, दिंडी उघडली, पुढं काय? त्या चिमाजीचं काय झालं? आता मला काय ठाऊक! मी तर तिथंच पुस्तक मिटलं होतं." त्यांनी हात पुढे केला. "द्या. परवा फोन करून सांगायचं कबूल करून आलोय."

ताईंनी कादंबरी काढली. मधल्या दिवसांत त्यांनी त्या कपाटातली सगळी पुस्तकं खाली काढून पहिले फर्मे वाचायला घेतले होते. निम्मं कपाट झालं होतं. प्रस्तावनांतून त्यांना काय काय सापडलं, ते सांगायला त्यांचे ओठ शिवशिवत होते. पण आधी त्यांनी या पुस्तकातला दोरा चिमटीत धरला आणि ओढून काढायला लागल्या. या दोऱ्यानंच सगळा घोळ घातला होता.

रंगनाथभाऊंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या ताई. शेवटची जोडी अजून जायचीय. तोवर दोरी सोडायची नसते."